रडक्या बटाट्याची मिठाई

मुक्काम बीच लिक, केंटकी
२८ डिसेंबर १९७४

प्रिय डेल्फियाताई,

धाकट्या अँसिलचा नमस्कार. तो तुला नको असेल तर निदान रेवाचा तरी घे, तिचं-तुझं काही वाजलेलं नाही. तुझ्या गुडघ्याला डेटनची थंडी मानवते का? इथे सगळं ठीक आहे. माझी पाठ होती तशीच आहे, म्हातारी गाय आटली आहे आणि रेवा माझ्याशी बोलते आहे (यातलं शेवटचं नेहमीचं नाही, म्हणून कळवतो).

पत्रास कारण की, गेल्या नाताळात तू भरल्या ताटावरून उठून कोट चढवलास आणि "आता तुमची मिठाई तुम्हीच करा" असं म्हणून दुपारच्या बसने ओहायोला परत गेलीस, ती मिठाई आम्ही करून दाखवली आहे. आम्ही म्हणजे मी. (मी तरी असं काय बोललो होतो? मिठाईत खडा लागला, एवढंच. चोवीस माणसांसमोर बोललो हे कबूल, पण दाताखाली कटकन वाजल्यावर माणूस एकेकाच्या कानाशी जाऊन सांगत बसत नाही.) वर्षभर तुझं एक पत्र नाही. असो. आईच्या मागे बटाट्याची मिठाई तूच करत आलीस, आणि आईने ती कुठे लिहून ठेवली नाही, त्यामुळे तुला वाटलं असणार की आता बसतील हात चोळत. आम्ही थोडे दिवस बसलोही. पण ओर्लीनामावशीने नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणालाच निरोप धाडला की ताटात मिठाई नसेल तर मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. आणि मावशी आली नाही तर कुणीच येत नाही, कारण निम्मे लोक मावशीला आणायला म्हणून येतात आणि निम्मे तिला पोचवायला. म्हणजे आपल्या घरचा नाताळ बुडाल्यातच जमा होता. तेव्हा मी बाह्या सरसावल्या. तेहतीस वर्षं खाणीत कोळसा फोडला, मला एक बटाटा काय करणार होता?

कृती मला तोंडपाठ होती. बटाटा कुस्करायचा, त्यात पिठीसाखर मळायची, लाटायचं, वर पीनट बटर फासायचं, गुंडाळी करायची आणि चकत्या कापायच्या. आता रेवाने आदल्या संध्याकाळी कुस्करलेला बटाटा केलाच होता, त्यातला वाडगाभर उरला होता, मग नवा कशाला उकडा? मी साखर ओतली आणि मळायला घेतलं. रेवा दारात उभी राहून बघत होती, पण तोंडातून शब्द काढला नाही. चव घेतली तेव्हा कळलं की त्यात मीठ, मिरी, ताक आणि बारीक चिरलेला कांदा आहे. बघत होतीस तर बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या घराण्यात कांदा घालतात की नाही, मला काय ठाऊक? मी पडले डोंगरापलीकडची." (तिच्या माहेरी मिठाईत खोबरं घालतात. अशा लोकांकडून काय अपेक्षा करायची?)

दुसऱ्या खेपेला मी तळघरातला सगळ्यात मोठा बटाटा निवडला, कारण पाहुणे मोठ्या संख्येने यायचे होते. नुसता उकडला, मीठ नाही, लोणी नाही. वाटीभर साखर घातली आणि ताई, माझ्या डोळ्यांदेखत त्या बटाट्याचं पाणी झालं. पाणी घातलेलं नसताना पाणी. आणखी एक वाटी घातली तर आणखी पातळ. मी ते भांडं तसंच उचललं आणि भर थंडीत खाली क्लोव्हिसच्या दुकानात नेऊन त्याच्या गल्ल्यावर ठेवलं, आणि ही कसली साखर विकतोस म्हणून त्याला चार गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं. क्लोव्हिसने भांड्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुझी डेल्फिया आली नाही का रे यंदा, एवढंच विचारलं. मी भांडं उचललं. घरी येऊन ते सगळं कोंबड्यांपुढे ओतलं, तर त्यांच्या चोची चिकटल्या आणि दोन दिवस खुराड्यात इतकी शांतता होती की शेजारी चौकशीला आले.

तिसऱ्या दिवशी चुलीपुढे कपाळाला हात लावून बसलो असताना मला आईचं बोलणं आठवलं. ती टेबलाशी परात घेऊन बसायची, तू तिच्या बाजूला, आणि मी सगळ्यात धाकटा म्हणून टेबलाखाली, मिठाई मिळेपर्यंत भोकाड पसरून. तेव्हा आई वरून तुला सांगायची, "रडतोय ना? रडू दे. पोटभर रडला की मुकाट्याने ऐकेल." ताई, साठ वर्षं माझी समजूत होती की हे ती माझ्याबद्दल बोलायची. साठ वर्षं मी मनात धरून होतो की आपली आई काळजाने जरा कठोरच. ती बटाट्याबद्दल बोलत होती! साखर पडली की बटाटा आधी रडतो, पाणी सोडतो, आणि घाबरून न जाता साखर घालत राहिलं की आपोआप आवळून येतो. मी चुलीपुढे बसून हसलो, आणि मग थोडा रडलोही, ते जाऊ दे.

मग मात्र मी थांबलो नाही. लख्ख कोरडा दिवस पाहिला. बटाटा घेतला कोंबडीच्या अंड्याएवढा, कारण मोठा रडका निघाला तर तालुक्याची साखर पुरत नाही, हे मला कळून चुकलं होतं. तो रडला, मी घालत राहिलो. आणखी रडला, आणखी घातली. दंड भरून आले, रेवा शिवण टाकून जवळ येऊन उभी राहिली, आणि एका क्षणी तो गोळा परातीची कड सोडून माझ्या हातात असा आला की काय सांगू. मेणकागदावर लाटला, पीनट बटर कडेपर्यंत पसरलं, गोधडी गुंडाळावी तशी घट्ट गुंडाळी केली, आणि सुरीने चेपली जाते म्हणून आईसारखी शिवणाच्या दोऱ्याने कापली. प्रत्येक चकतीत गोल फेरा, एकसारखा, थेट आईच्या हातचा. मी ती चकती खिडकीच्या उजेडात धरून इतका वेळ बघत होतो की रेवाने विचारलं, खायची आहे की फोटो काढायचा आहे.

नाताळला तेवीस माणसं होती (तू नव्हतीस म्हणून तेवीस). ताट फिरलं. ओर्लीनामावशीने तीन चकत्या खाल्ल्या आणि चौथी रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. आजवर तिने तुझ्यासुद्धा तीनच खाल्ल्या होत्या. खडा कुणालाही लागला नाही. तेव्हा कळवण्यास आनंद वाटतो की घराण्याची मिठाई सुखरूप आहे, चांगल्या हातांत आहे, आणि तू आता उगाच बसचा त्रास घ्यायची काही गरज उरलेली नाही.

तुझा विजयी भाऊ,
अँसिल

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. मावशीला मोतीबिंदूमुळे आता फारसं दिसत नाही. पहिली चकती तोंडात टाकल्याबरोबर ती म्हणाली, "डेल्फिया आली वाटतं. हा हात तिचाच." माझ्या तोंडात त्या वेळी दोन चकत्या होत्या, त्यामुळे माझ्याकडून नुसतं 'हं' एवढंच निघालं. मग मावशी संध्याकाळपर्यंत हॅट मांडीवर घेऊन, तू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन तिला भेटशील म्हणून बसून राहिली. तू काही आली नाहीस. आता ती टेलिफोनवर सांगत सुटली आहे की ओहायोला गेल्यापासून डेल्फियाला गर्व झाला, म्हाताऱ्या मावशीला भेटायलाही बाहेर आली नाही. आमच्याकडे टेलिफोनची एकच तार सात घरांत मिळून आहे आणि सातही ऐकतात.

ता. ता. क. रेवाने पत्र वाचलं. पुढचं लिहिल्याशिवाय ती पाकिटाला तिकीट लावू देत नाही. गेल्या वर्षी खडा नव्हता. माझ्या कवळीचा मागचा दात तुटला होता. तू कोटाची बटणं लावत होतीस तेव्हाच माझ्या जिभेला ती फट लागली होती. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी गप्प बसलो.

आणखी एक. नऊ फेब्रुवारीला, रविवारी, मावशीला नव्वद पुरी होतात आणि तेवीसच्या तेवीस येणार आहेत. मला त्यांच्यासमोर उभं राहून दोन गोष्टी सांगायच्या आहेत, स्वयंपाकघरात तू नव्हतीस आणि मिठाईत खडा नव्हता. गोठ्यात गाईसमोर सांगून पाहिलं, जमतं. पण ताई, खडा चोवीस जणांसमोर काढला होता. परत घ्यायला चोवीस हवेत. शनिवारच्या बसला मी थांबतो.