नकाशातल्या चार जागा

जालना
३ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास गिरिजाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललेलं माणूस मागून नाकबूल होतं, म्हणून पत्र. तुझ्या बापानं कळवलं की तुला फोटोग्राफी शिकायला पुण्याला जायचंय, आन् अक्का, म्हणजे मी, हो म्हणली तरच तो फॉर्मवर सही करणार. मंग मला आधी तुझं काम तर बघू दे. ह्या रविवारी घनसावंगीहून पहिल्या गाडीनं जालन्याला ये आन् इंग्रजांच्या वेळच्या जागांचे फोटो काढ. नकाशा सोबत आहे. छावणीतलं चर्च, गोऱ्यांचं कब्रस्तान, कुंडलिकेवरचा जुना पूल, मंग नदीकाठची वेस. ह्याच क्रमानं जायचं, आन् एकटीनं. माझा गुडघा मला उंबरा ओलांडू देत न्हाई.

चर्चपाशी बराबर दहाला पोच. मोरपंखी ड्रेस घाल, उन्हात बरा दिसतो.

लोभ आहेच. वाढवायचा का न्हाई ते फोटो बघून ठरवू.

तुझी आत्या


घनसावंगी
१० फेब्रुवारी २०२५

ती. गिरिजाआत्यास आकांक्षाचा सा. न. वि. वि.

जालना सोने का पालना म्हणतात, पण कुंडलिकेत पाण्यापेक्षा बेशरमाची झुडपंच जास्त आहेत. तरी फोटो चांगले आले. चौदा प्रिंट पाठवतेय. अडचण एकच आहे, आकाशी शर्टातला एक माणूस सारखा मधे आलाय. चर्चपाशी तो मनोऱ्याकडे बघत होता. कब्रस्तानात एकच इंग्रजी दगड त्यानं पाव तास वाचला. पुलावर मी त्याला विचारलंच. त्यानं खिशातून नकाशा काढला. अक्षर तुझं होतं. पहिल्या जागेपुढं लिहिलं होतं, "इथे पाच मिनिटं उभे राहणे. पोट आत."

नाव हरिओम, मंठ्याला बी-बियाण्याचं दुकान. माणूस सरळ आहे. मला सगळं सांगितलेलं आहे असंच तो समजत होता. मला फार राग आला, आत्या. मी तिथं चर्च बघायला गेल्ते, आणि तुम्ही मला बघायला आल्ता. मी त्याला सांगितलं की लग्नाचं राहू दे, बायोडाट्यासाठी चांगला फोटो तेवढा काढून देते. तो म्हणाला, बिलकुल चालेल. तेवढ्यात एका शेळीनं त्याच्या हातातला नकाशा ओढला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला.

त्या वेळचा नऊ नंबरचा फोटो नीट बघ. पुलाच्या कठड्यामागं पदर सुटलेली, शेळीकडे बघून तोंडभरून हसणारी बाई तूच आहेस. गुडघ्याला लवकर आराम पडो.

फॉर्मची शेवटची तारीख वीस आहे. नाही म्हणायचं असेल तर तेही कळव, पण नकाशे काढू नकोस.

माझा राग जाईपर्यंत लोभ तुझ्या बाजूनं चालू ठेव.

तुझी आकांक्षा


जालना
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रामरावास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोरीचे तेरा फोटो वापस पाठवून राह्यले. नऊ नंबरचा ठेवून घेतला.

मी तिच्याशी लबाडी केली. पाहण्याचा कार्यक्रम घरात केला की पोरगी पोह्यांच्या प्लेटा घेऊन खाली मान घालून बसते, तिच्यात काय आहे ते कुणाला कळतच न्हाई. म्हणून मी डोकं चालवलं, आन् मीच पकडल्या गेले. हरिओमला मात्र तिनं काढलेल्या फोटोवर तीन स्थळं आली म्हणे.

उभ्या जन्मात माझे अकरा फोटो निघाले, रामराव. सगळ्यांत मान खाली, न्हाई तर कुणाचं तरी लेकरू कडेवर. ह्यात मी एकटी आहे आन् बत्तिशी काढून हसून राह्यले. मी अशी हसते हे मलाच ठाऊक नव्हतं. फ्रेम करून भिंतीवर लावला. आमच्या ह्यांनी जेवताना दोनदा वर बघितलं आन् विचारलं, ही बाई कोण.

बेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला.

पोरीला जाऊ दे. वीसच्या आत सही कर. हे लेखी आहे, मागून तुलाही नाकबूल होता येणार न्हाई आन् मलाही.

वहिनीला नमस्कार. भावाचा लोभ बहिणीनं मागायचा नसतो, पण ह्या वेळी मागते.

तुझी अक्का

ता. क. ती बाई कोण, ते ह्यांना अजून सांगितलं न्हाई.