मागच्या दाराची कडी

सोम. ३ नोव्हेंबर
सकाळी सगळ्यांना फोन फिरवले. राजगुरुनगरच्या अक्काचे गुडघे कसे आहेत? म्हणाली, बसलं की उठवत न्हाई, उठलं की बसवत न्हाई. पिंपळे गुरवला माझ्या लेकीची, सुनंदाची, बीपीची गोळी चालू आहे, पण आवाज चिडका. जावईबापूंची पाठ बरी. नातीचा, तनूचा, खोकला आल्याच्या रसाने निम्मा झाला. माझा भाकरी थापताना हात दुखतो, बाकी ठीक. राहिली सून, मनीषा. तुरुंगातल्या माणसाला कोणत्या तोंडाने विचारायचं?
दुपारी पोलीस समन्स देऊन गेला. सतरा तारखेला माझी साक्ष. जेवून जा म्हटलं तर लाजला. ताक पिऊन गेला.

गुरु. ६ नोव्हेंबर
सरकारी वकील मॅडमनी बोलावलं होतं. सुनंदा सोबत. बाई शांत. म्हणाल्या, तुमच्या संतोषला त्या बालाजीने मारलं याला पुरावा भरपूर आहे. प्रश्न सुनेचा. त्याच्याशी तिचं होतं हे ती कबूल करते, पण खुनाचं मला काहीच माहीत नव्हतं म्हणते. दार कुठे फोडलेलं नाही, मागची कडी काढलेली होती. "ती कुणी काढली, आजी, काही ठाऊक आहे?"
पोलिसांना तेव्हा सांगितलं होतं, लक्षात नाही. आजही तेच म्हणाले.
लक्षात आहे.

शुक्र. ७ नोव्हेंबर
इथे तरी लिहून ठेवते. संतोष पहिलीत होता तेव्हा त्याच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. त्याच अक्षरांनी हे लिहायचं आलं.
गेल्या वर्षीचा एप्रिल. संतोष कंपनीतून रात्रीची थर्ड शिफ्ट करून आला आणि झोपला. आमच्या गल्लीत थर्ड शिफ्टचा माणूस झोपला की लोक कुकरची शिट्टीसुद्धा जपतात, दार तर कुणी वाजवत नाही. मी बारा वाजता माझ्या खानावळीतून त्याचा डबा ठेवायला गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं. कडी घालायला हात नेला तर मनीषा म्हणाली, "राहू द्या आई, वारा येतो."
मी राहू दिलं.
म. तनूला आणायला शाळेत गेली. येताना तनूला खानावळीत माझ्याजवळ सोडून एकटीच घरी गेली. मग तिची किंकाळी दोन गल्ल्या ओलांडून आली.
पण उन्हाळा होता. वारा येतच होता. तेही खरं.

रवि. ९ नोव्हेंबर
अक्का आली. तिला सगळं सांगितलं. कडीचं ऐकून घेतलं, भाऊबीजेचं मात्र परत काढलं. काढू दे. चूक माझीच.
बा. (पूर्ण नाव परत लिहवत नाही) लातूरकडून चाकणला आला, कंपनीत संतोषच्याच लाइनवर लागला. तीन वर्षं माझ्या खानावळीत जेवला. मान खाली घालून जेवायचा, ताट स्वतः उचलायचा. मावशी म्हणायचा. मग लोक कुजबुजायला लागले, म. भाजीला गेली की हाही मंडईत असतो. संतोषच्या कानावर जाण्याआधी मिटवावं म्हणून मी भाऊबीजेला त्याला घरी बोलावलं आणि म.ला म्हटलं, ओवाळ. तिने ओवाळलं. नजर तबकातच होती, मला वाटलं लाजते.
गल्ली गप्प झाली. पण भाऊ म्हटल्यावर त्याला अडवणार कोण? संतोष नसतानाही यायचा. असला तर संतोषच म्हणायचा, मेहुणा आलाय, चहा टाक.
अक्का म्हणाली, "आगं, ज्याला हाकलायचं त्यालाच पाटावर बसवलंस तू."
व्हय म्हटलं. दोघी मेथी निवडत बसलो.

बुध. १२ नोव्हेंबर
सुनंदाचा फोन. तिला वास लागलाय की मी काही दडवतेय. भावासाठी बोल म्हणाली. मी हूं हूं करत राहिले, तेव्हा म्हणाली, "वहिनी सुटली तर पहिलं काय करेल माहितेय? तनूला घेऊन माहेरी जाईल. मग बस एकटी भाकऱ्या थापत."
तेव्हापासून हेच डोक्यात. कडीचं बोलायचं ते संतोषसाठी, की तनू माझ्याजवळ राहावी म्हणून? आणि गप्प राहायचं ते म.च्या मायेपोटी, की दार मीही उघडंच सोडलं म्हणून? आमटी दोनदा खारट झाली. खानावळीतल्या पोरांनी मुकाट खाल्ली, एक जण फक्त म्हणाला, मावशी, आज समुद्र आणला काय.

शुक्र. १४ नोव्हेंबर
तनूने विचारलं, कोर्टात आई दिसेल का. बहुतेक, म्हटलं. "मग सांग तिला, माझे पुढचे दोन्ही दात आले."
बापाचं काही विचारत नाही. फोटोला हार मात्र तीच घालते.

सोम. १७ नोव्हेंबर
दहापासून कोर्टाच्या बाकावर. सुनंदाने डबा आणला होता, तो तसाच राहिला.
म.ला दोन पोलीसबायांनी आणलं. हडकलीये. माझ्या पाया पडायला वाकली, बाईने दंड धरून उभी केली. हळूच म्हणाली, "आई, तनू?" दातांचं सांगितलं. हसली, लगेच ओढणी तोंडावर धरली. सुनंदा उठून लांब जाऊन उभी राहिली.
मग म. म्हणाली, "तुम्ही जे खरं असेल ते सांगा." आणि नेली तिला.
हे कुणी म्हणावं? जिने काही केलं नाही तीही म्हणेल. जिला सोसवत नाही तीही म्हणेल.
चार वाजता कळलं, तिचे वकील आले नाहीत. पुढची तारीख १८ डिसेंबर. मला कुणी पुकारलंच नाही.

मंगळ. १८ नोव्हेंबर
म.ला पत्र लिहायचं ठरवलं. वकील मॅडम नको म्हणतील, म्हणून विचारणार नाही. तुरुंगात पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचोत. आधी वहीत लिहिते, मग कागदावर उतरवीन.

चि. मनीषा,
आशीर्वाद लिहू की नको, दोनदा हात थांबला. लिहिला.
तनू नीट जेवते. खोकला गेला. गणितात कच्ची आहे, संतोषसारखी. तू काल फार वाळलेली दिसलीस. जेवत जा.
आता ऐक. साक्षीत मी मागच्या दाराचं सांगणार. पोलिसांपाशी खोटं बोलले तेही सांगणार. वारा येतो म्हणालीस, ते तुझे शब्द जसेच्या तसे सांगणार. पण ते कोणत्या आवाजात सांगू, ते मला कळत नाही. तू नुसतं वाऱ्यासाठी म्हणाली असशील तर एक आवाज. तो येणार हे तुला माहीत असेल तर दुसरा. माझ्या मुलाला जाऊन दीड वर्ष झालं, आणि मला अजून तुझा नीट राग करता येत नाही, नीट मायाही करता येत नाही.
तनू कुणाकडे राहील ते यात आणू नकोस. मीही आणणार नाही, निदान तसा प्रयत्न करते आहे.
तो येणार हे तुला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही. टपालाला आठ दिवस लागतात आणि तारखेला एक महिना उरलाय. पत्र मिळाल्या दिवशीच उत्तर टाक.
तुझी,
आई