कप्तानकाकांची हजेरी

प्रिय कप्तानकाका,

सामना कसा झाला? परत आलात की कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन हे पत्र तुमच्या हातात देईल. बसून वाचा.

मी लहान असताना तुम्ही घरी आलात की बाबांची खुर्ची तुमची व्हायची. खेळाडूंच्या नकला करून आईला हसवायचात. मी पदवीधर झाले तेव्हा ‘यांच्या घराण्यात पहिली शहाणी निपजली’ असं गल्लीभर सांगत फिरलात. तुमच्याच कारखान्यात हजेरी विभागात मला नोकरी लागली, तेव्हा म्हणालात, आता पोरगीच आपली, सुट्टीला काय तोटा! बाबाही हसले, डाव्या हातात कप सांभाळत.

तुम्ही दोघं जोडीने चालवायचात त्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्यांचा उजवा हात गेला, त्या दिवशीही सामना होता. एकाने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने स्विचपाशी उभं राहायचं, हा त्या यंत्राचा नियम. तुम्ही पैज लावून सामना बघायला गेलात. जाताना म्हणालात, माझं हजेरीचं कार्ड तेवढं पंच कर रे. बाबांनी केलं आणि एकट्याने यंत्र चालवलं. चौकशीत तुम्ही तेच कार्ड पुढे केलंत: मी हजर होतो, सामान आणायला गेलो होतो, यानेच घाई केली. बाबांची नोकरी गेली. खरं बोललो तर दोस्ताच्या पोटावर पाय येईल, म्हणून ते गप्प राहिले. हे मला आईने सांगितलं, तेही माझी शेवटची परीक्षा झाल्यावर.

परवा तुम्ही माझ्या टेबलाशी वाकलात. अंतिम सामना आहे पोरी, मोठी पैज आहे, दुपारची हजेरी सांभाळून घे. तुझ्या बापाने मला कधी नाही म्हटलं नाही. प्रामाणिकपणावर कॉलेजात लांबलचक निबंध लिहिणारी मी, मुकाट्याने मान डोलावली.

आज तुम्ही फाटकाबाहेर पडताच मी आधी तुमचं यंत्र बंद करायला लावलं, आणखी कुणाचा हात जायला नको म्हणून. मग मॅनेजरसाहेबांना बोलावलं. स्विचपाशी कोणी नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं. बाबांच्या अपघाताचंही मी सगळं सांगितलं. उद्या तुमची चौकशी आहे. बाबा माझ्याशी कदाचित बोलणं टाकतील. टाकू देत.

हरलात की तुम्ही नशिबाला शिव्या देता. उद्या देऊ नका. हे मी केलंय, ठरवून केलंय, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून नव्हे, माझ्याच अक्षरात कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमचीच,
दोस्ताची पोरगी