कोंबडीला किती जागा लागते

आई, काल वहिनी आली होती. कासुर्डीहून एस्टीनं, मांडीवर डालगं घेऊन, आणि डालग्यात तुझ्या वाणाच्या चार तलंगा. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, हे मी आता शेजारपाजारच्यांना ऐटीत सांगत असते. शिरूरला आम्ही घर बांधलं ते तू पाहिलं नाहीस. मागं मोकळी जागा आहे, फरशीची नाही, मातीची, आणि तिथं मी ह्यांच्या मागं लागून खुराडं करून घेतलंय. वहिनीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ मागं गेली, वाकली, कोपर फळीला टेकवून हात लांब केला आणि मोजायला लागली. "आत एकीला दीड हात लांब, हातभर रुंद. दांडीवर बसायला वीतभर. बाहेर दोन हात औरसचौरस, त्याच्या खाली न्हाई. बराबर हाय वन्सं, आणखी चार आल्या तरी मावतील." शब्द तुझे, मोजायची रीत तुझी, दांडी हलवून बघायची खोडसुद्धा तुझी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आपल्या घरी सगळंच उलटं, तू शिकवलंस सुनेला आणि लागलं लेकीला. मी तिला चहा केला आणि साखर मुद्दाम कमी घातली.

माझं हे पोटात दुखणं आजचं नाही. वहिनी यायच्या आधी मी कोंबड्यांवर जळायचे. दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं आपलं क्वार्टर, एक खोली, एक स्वयंपाकघर, मागं चौकोनी अंगण. त्या खोलीत आपण चौघं आणि बारमाही कुणी ना कुणी पाहुणा, आणि अंगणाचा निम्म्याहून जास्त भाग जाळी मारून कोंबड्यांना दिलेला. मी आणि दादा एका बाजेवर उलटसुलट झोपतोय, त्याचे पाय माझ्या तोंडाशी, आणि तू बाहेर बघत असतेस की तांबड्या कोंबडीला दोन्ही पंख पसरता येतात की नाही. पावसाळ्यात खुराड्यात कोरडा भुसा, बाहेर एका कोपऱ्यात राख आणि माती, त्यांना अंग घोळवायला. मला अभ्यासाला कोपरा नव्हता. मी एकदा विचारलं, "आई, मला किती हात जागा लागते गं?" तू वर न बघता म्हणालीस, "तुला जागा न्हाई, एक धपाटा पायजे." दादा आठवडाभर हसत होता.

त्या कॉलनीची एक रीत होती. कुणाची बदली झाली की सगळं सामान ट्रकमध्ये चढायचं, पाण्याचा बंब, तुळशीचा डबा, अगदी दोरीवरचे चिमटेसुद्धा. पण कोंबड्या कोण नेणार? त्या शेजारी देऊन जायच्या, आणि शेजारी म्हणजे तू, कारण तुला भिडेपोटी नाही म्हणता यायचं नाही. शेजारच्या काकू भुसावळला निघाल्या तेव्हा रडत रडत दोन कोंबड्या तुझ्या पदरात टाकून गेल्या. खुराडं भरलेलं होतं, तुला ते माहीत होतं, तरी तू त्या आत सोडल्यास. थोड्याच दिवसांत त्यातल्या एकीची पाठ सोलून निघाली. बाकीच्या तिला दाण्यापाशी येऊ देईनात, दांडीवर चढू देईनात, ती अंड्यांच्या खोक्याच्या मागं तोंड खुपसून उभी. तू तिला हळद लावलीस, न्हाणीत वेगळी ठेवलीस, तरी ती गेली. तू त्या दिवशी जेवली नाहीस. आप्पा म्हणाले, कोंबडीच ती. तर तू म्हणालीस, "माझंच चुकलं. जागा नुसती बसायला न्हाई लागत. मार खानारीला पळायला लागती." त्यानंतर कुणाची कुठंही बदली होवो, तू दारातच हात जोडायचीस. लोकांनी तोंडं वाकडी केली, कुणी बोलणं सोडलं. "माझं भरलंय," एवढंच तुझं उत्तर.

हा कायदा कधी माझ्यावरच चालवशील असं मला वाटलं नव्हतं. माझं लग्न झालं तेव्हा रांजणगावला कंपन्या नव्यानं येत होत्या. हे तिथं लागले आणि आम्ही कारेगावला खोली घेतली. चाळीतली खोली, त्यात सासूबाई, दीर आणि आम्ही दोघं. मागं मोरी आणि मालकाच्या भिंतीमधली एक बोळकंडी. मी एसटीडी बूथवरून दादाच्या ऑफिसात फोन केला, आईला म्हणावं येताना दोन कोंबड्या आण. मला अंड्यांची हौस नव्हती. सासूबाईंना, चाळीतल्या बायकांना, शेजारच्या बिहारी पोरांना दिसावं की हिच्या माहेराहून काहीतरी जिवंत आलंय, एवढीच हौस होती. तू आलीस ती शेंगदाण्याची चटणी घेऊन. पाणी पिऊन मागं गेलीस आणि कोपर भिंतीला टेकवलंस. "दीड हात बी भरत न्हाई. आन् ऊन कुठंय? न्हाई देनार मी." मी म्हटलं, एक तरी दे. "एकटी कोंबडी ऱ्हाती का कुठं?" तेवढ्यात सासूबाईंनी मला आतून हाक मारली, पुन्हा मारली, आणि तिसऱ्या वेळी हाकेबरोबर माझ्या आईबापाचाही उद्धार झाला. मी पळत आत गेले. बाहेर आले तर तू तिथंच उभी, माझ्याकडं बघत. मला वाटलं, आता विरघळेल. तू चटणीचा डबा माझ्या हातात दिलास आणि गाडीला निघालीस.

त्याच सुमाराला आप्पा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि दादानं कासुर्डीला घराचं काम काढलं. नवीन घर, नवी वहिनी, आणि तुझा सगळा पसारा तिच्या हवाली. अंड्यांवर रवण कशी बसवायची, मानमोडीची साथ आली की काय करायचं, मुंगूस कुठून शिरतं, सगळं तिला. मी न्हावऱ्यावरून गाड्या बदलत यायचे, तर तुम्ही दोघी जाळीपाशी उकिडव्या बसलेल्या, काहीतरी हळू बोलत, आणि मला बघून गप्प व्हायच्या. त्या गप्प होण्यानं मी किती जळले असेन. चौथ्या दिवशी तूच दादाला विचारायचीस, न्हावऱ्याची गाडी किती वाजता हाय रे. मी म्हणायचे, राहते की अजून. तू म्हणायचीस, "तिकडं वाट बघत असतील." कुणी वाट बघत नव्हतं, हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. तू गेलीस तेव्हा तुझ्या बांगड्या माझ्याकडं आल्या आणि कोंबड्या वहिनीकडं राहिल्या. मयताला आलेल्या बायका म्हणाल्या, लेकीला झुकतं माप दिलं हो. मी बांगड्या कपाटात ठेवल्या त्या अजून तिथंच आहेत.

तर काल. तलंगा खुराड्यात सोडून झाल्या, त्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, एवढी जागा असून. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. वहिनीनं बिनसाखरेसारखा तो चहा निमूट प्यायला आणि म्हणाली, "वन्सं, एक बोलायचं ऱ्हायलंय. ती कडेची खोली आम्ही भाड्यानं देतोय, मास्तरीणबाई येतीय. म्हणलं तुम्हाला सांगावं, तुमचीच हाय ती." माझ्या डोक्यात काही शिरेना. ती कडेची खोली, जिथं वहिनीचं शिलाई मशीन असतं, जिच्यावरून मी ह्यांना कितीदा ऐकवलंय की सुनेला मशीन ठेवायला वेगळी खोली आणि लेकीला सतरंजीचा कोपरा. वहिनी म्हणाली, "पाया दोनच खोल्यांचा घेतला व्हता. आत्याबाई कारेगावास्नं तुम्हाला भेटून आल्या आन् गवंड्याला म्हनल्या, आनखी एक काढ. ह्यांनी इचारलं कशाला, तर म्हनल्या, पोरगी आली तर. मला म्हनल्या, तिला कळू द्यायचं न्हाई. माहेरी खोली हाय म्हनल्यावर नांदायचं मन ऱ्हात न्हाई. पर मी असले नसले तरी तू ती भरून टाकू नको. मशीन ठेव, मशीन काय, कवाबी उचलता येतं."

मी खरं तर रडायला हवं होतं. मला आला तो राग. तू माझ्यासाठी खोली बांधलीस आणि मला तिचं दार दाखवलं नाहीस. आणि सांगितलंस ते कुणाला, तर तिला. म्हणजे जाळीपाशी तुमचं जे हळू हळू चालायचं ते माझ्याबद्दल होतं, आणि इतकी वर्षं माझी खोली तिनं सांभाळली, रोज झाडली, तोंडातून शब्द काढला नाही. असली सून मला मिळाली असती तर मीसुद्धा तिलाच सांगितलं असतं, आणि हे कळूनही मला तिचा हेवाच वाटला. कासुर्डीच्या त्या घरात कमी कुणाला काही पडलं असेल, तर ते मला नव्हतं, आणि हे तू जिवंतपणी एकदा माझ्या तोंडावर म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? कदाचित मी खरंच आले असते. आले असते, आणि परत गेले नसते. तुझा हिशेब चुकला असं मला म्हणता येत नाही, आज माझं घर आहे, सासूबाई शेवटी माझ्याच हातचं खाऊन गेल्या. पण पोटात दुखायचं ते दुखतंच.

वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती. एवढी मोठी गोष्ट सांभाळून आणून तिनं माझ्यापुढं ठेवली होती. मी कप उचलले आणि म्हटलं, "मला माहीत होतं. आईनंच सांगितलं होतं मला." ती म्हणाली, "असं व्हय," आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं. अजून वाटतंय. हा कागद कुठं टाकायचा नाही, आणि कासुर्डीला तर मुळीच जाऊ द्यायचा नाही. तू आहेस तिथं कधी कुणी तुला विचारलंच, तर तू मला सांगितलं होतंस, एवढं सांभाळून घे.