बाळाचं नाव इला

मंगळवार, संध्याकाळ. लालबाग.

आज खोटं बोललो. जिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, "पेढे की बर्फी?" मी म्हणालो, "पेढे." म्हणजे मुलगा. खरं तर बाळ जन्मलं, तरी मुलगा की मुलगी, हे डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही, तपासण्या चालू आहेत. मग पेढे का म्हणालो मी?

मेघाने, माझ्या बायकोने, नाव ठरवलंय इला. पुराणातली इला कधी पुरुष होती, कधी स्त्री, आणि चंद्रवंश तिच्यापासून सुरू झाला. मी म्हणालो, "पण तो शाप होता ना?" बाळासमोर हा शब्द काढला मी. पेढ्यांपेक्षा हे वाईट.

आईला पुराणातलं काही ठाऊक नाही. चाचरतच तिला नाव सांगितलं. तिने बाळ मांडीवर घेतलं. "पोरगो इलो, पोरगी इली, बाळ इला. आमच्याकडे असाच म्हणतत." मालवणीत इला म्हणजे आलं, हे मी विसरलोच होतो. "कोणी इचारल्यान तर सांग, बाळ इला."

बाळ माझ्याकडे देऊन ती आत गेल्यावर मी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली.