वरच्या थडीवर कोणी राहू नये

मी, गुरुबसप्पा शिवलिंगप्पा हलबर्गे, वय पंचाहत्तर, व्यवसाय शेती, राहणार मौजे बोरथडी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर (गेल्या ऑगस्टपर्यंत उस्मानाबाद), हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी दृष्टी शाबूत आहे, बुद्धी ठिकाणावर आहे आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. माझे शिक्षण निजामी अमलात चौथ्या इयत्तेपर्यंत उर्दूतून झाले. मराठी अक्षर मी पुढे स्वतःच्या मेहनतीने वळविले. सबब मजकुरात चूक आढळल्यास ती माझी समजावी, वकिलाची नव्हे. वकिलास मी फक्त दोन प्रश्न विचारले.

कलम १. गावातील राहते घर माझा पुत्र विरूपाक्ष व सून रत्नम्मा या उभयतांस समान हक्काने मिळावे. हे घर उंचवट्यावर, मुरुमात बांधलेले आहे. साठ वर्षांत त्याच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या परातीतले पाणी कधी एका बाजूस कलले नाही. घर जुने आहे, अंधारे आहे, असे विरूपाक्ष म्हणतो. अंधारे आहे हे मला मान्य आहे.

कलम २. नदीलगतची खालची थडी, दोन एकर, वाळूमिश्रित गाळाची, कन्या सिद्धम्मा, देगलूरला दिलेली, हिला द्यावी. जावयाने तिथे टरबूज लावावे. दरवर्षी मला पत्रातून शेती शिकवितो, त्यातील निम्मे शब्द तेलुगू असतात. आता स्वतः करून पाहावी.

कलम ३. वरची थडी, अकरा एकर. ही जमीन मी सन १९५१ साली स्वकमाईतून खरेदी केली. वडिलोपार्जित नाही, म्हणून तिची व्यवस्था लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. परंतु तिचा स्वभाव सांगितल्याशिवाय ती कोणाच्या हवाली करणे म्हणजे मारका बैल दावे सोडून देण्यासारखे आहे. म्हणून लिहितो.

तिरू नदी पूर्वी कधी तरी या उंचीवरून वाहत होती. तिनेच हा गाळ आणून टाकला. काळा, चिकण, चार पुरुष खोल. त्यात चुनखडीचे खडे आहेत आणि खोलगट भागी उन्हाळ्यात मिठासारखा पांढरा थर येतो; तिथे हरभरा करपतो. भिजली म्हणजे ही माती बैलाचा खूर सोडीत नाही. एकदा तोंडापर्यंत भिजली की वरचे पाणी खाली उतरू देत नाही, आणि आतले पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते. त्यावरच आमची शाळू ज्वारी एका थेंबाविना पदरात पडते. वाळली म्हणजे तीच माती आकसते आणि भेगा पडतात. या वर्षीच्या भेगेत मी चार हातांचा वेळू सोडला, तो तळाला टेकला नाही. भेगेच्या कडा ढासळून आत पडतात, खालची माती वर येते. जमीन आपली आपणच नांगरते. आतले ढेकूळ फोडले तर त्याच्या बाजू तासलेल्या शिंगासारख्या गुळगुळीत व चमकदार निघतात. माती आत एकमेकीवर घसरते, त्याच्या त्या खुणा आहेत. या जमिनीत मूळ रोवावे. खांब रोवू नये.

कलम ४. शेजारी आप्पासाहेब देशमुख यांनी आमच्या हद्दीचा दगड दीड हात सरकविला, असा दावा मी त्यांच्यावर अकरा वर्षे चालविला. तेही मला भर बाजारात "दगडखाऊ अप्पा" म्हणत. गेल्या वर्षी मी माझ्याच रानात, जिथे दुसऱ्या कोणाची हद्द नाही, म्हसोबाचा दगड नदीच्या बाजूस एक वीत सरकलेला पाहिला. दगड आप्पासाहेबांनी हलविला नव्हता. जमिनीने हलविला. दावा मी मागे घेत आहे. बाजारातील शब्द त्यांनी मागे घ्यावा की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

कलम ५. हे कलम माझी भावजय नागम्मा हिला मोठ्याने वाचून दाखवावे.

बहात्तरच्या दुष्काळात मी व माझा धाकटा भाऊ, नागम्माचा नवरा संगप्पा, यांनी वरच्या थडीत विहीर खोदली. वाळलेली काळी माती पहारीला दाद देत नव्हती. विहिरीच्या कडा आपोआप भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. बांधकामाची गरज नाही, असे मी म्हणालो. काठावर भेगा होत्या. त्यात बैलाचा पाय मोडेल म्हणून नदीची वाळू आणि गोटे भरून मी त्या ठासून बुजविल्या. आमचा सालगडी सटवाजी त्या वेळी म्हणाला होता, "मालक, ह्या रानाचं तोंड उघडं हाय तवर भ्याचं न्हाई. मिटाय लागलं की भ्यावं. तुम्ही त्यात खडे कोंबून राहिलाव." मी त्याला वाळूची पाटी उचलायला सांगितली.

पुढील ज्येष्ठात पाऊस लागला. माती फुगली. फुगण्यासाठी तिने भेगांची जागा स्वतःच ठेवली होती. ती मी भरून टाकली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी संगप्पा मोटेचा दोर काढण्यास विहिरीत उतरला. उत्तरेची कड आवाज न करता अखंड खाली आली. उकरण्यास तीन दिवस लागले. मागे जी माती उभी राहिली ती आरशासारखी चकाकत होती, तिच्यात मला माझे धोतर दिसले.

गावाने म्हटले, दैव. नागम्मे, मीही तुला दैव म्हणालो. दहा वर्षे तू माझ्या ताटात भाकरी वाढलीस. ते दैव नव्हते. ती वाळू होती, आणि ती मी भरली.

कलम ६. विरूपाक्षाने गेल्या वर्षी वरच्या थडीत दोन खोल्यांचे घर बांधले. दगडी भिंती, वर पत्रे. मी नको म्हणालो. त्याने भेगा नदीच्या वाळूने भरल्या, वरून पाणी न मारता धुम्मसाने ठोकून घेतले, आणि त्यावर पाया घातला. अक्षय तृतीयेस रत्नम्मा व दोन्ही नाती तिथे राहावयास गेल्या. आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीलगत त्या झोपतात. काल आमचे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

तो म्हणाला, "अप्पा, जिल्हा झालाय आता. लातूरचा रस्ता थडीवरूनच निघणार हाय. उद्या हितं गुंठ्यानं भाव येतंय, अन् तुम्ही ज्वारीच पेरीत बसा."

मी म्हणालो, "रस्ता येऊ दे. रस्त्याला लेकरं नसतात."

"वरीस झालं भिंतीला. केसाएवढी चीर दावा, आत्ता पाडतो."

"वरीस झालं पाऊस कुठं पडलाय?"

तो हसला. मग हसणे थांबवून म्हणाला, "मग काय, पाऊस पडू नये म्हणून महादेवाला साकडं घालू? सारं गाव पाण्यासाठी मरून राहिलंय, अन् माझा बाप ढगाला भिऊन राहिलाय. लोक थुंकतील, अप्पा. तुमचं काय असंल ते तुमच्या माघारी बघू."

रत्नम्मा दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, दार तर चांगलं लागतंय की." दार चांगले लागते हे खरे आहे. आमच्या विहिरीची कडही चांगली उभी होती.

मी विरूपाक्षाला विहिरीची खरी हकिकत सांगावयास हवी होती. माझ्या तोंडून ती निघाली नाही. लिहिताना निघाली.

कलम ७. वरच्या थडीपैकी निम्मी जमीन नागम्माला बिनशर्त मिळावी. उरलेली निम्मी विरूपाक्षाला मिळावी. परंतु माझ्या मृत्यूच्या दिवशी त्या जमिनीवर कोणाचीही चूल पेटत असल्यास तीही नागम्माच्याच मालकीची व्हावी. पेरणीस मुभा आहे. भेगा कोणीही, कोणत्याही कारणास्तव बुजवू नयेत. बैलाचा पाय मोडला तर मोडू द्यावा.

कलम ८. साक्षीदारास मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे वकिलाने सांगितले. म्हणून माझ्या तीन पहारी, दोन कुदळी व मोठे फावडे सटवाजीच्या हाती आजच दिले आहे. तो म्हणाला, "मालक, पहार घिऊन मी काय करू? तुम्ही कुठं निघालाव?" त्याचे उत्तर पुढील कलमात आहे.

कलम ९. येथपर्यंत लिहिल्यावर मला उमगले की मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. पाऊस माझ्या मरणासाठी थांबणार नाही. मृग चार दिवसांवर आहे. पूर्वेस तीन दिवस झाले, ढग येऊन परत जात आहेत.

आमच्या घराण्यात ज्या खोलीत सासऱ्याचे अंथरूण पडते किंवा पूजा मांडलेली असते तिथे सून अंथरूण घालीत नाही. ही रीत रत्नम्मा पाळते. विरूपाक्षालाही ती मोडता येणार नाही, मोडली तर सासुरवाडी त्याला उभे करणार नाही. घराच्या खोल्या दोनच आहेत. आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीलगत, मी आज माझी बाज टाकली आहे. बाहेरच्या खोलीत माझी पेटी, काठी व पूजेचे साहित्य ठेवले आहे आणि दिवसा मी तिथेच बसणार आहे. सून व नाती आज दिवस मावळण्यापूर्वी गावातील घरी गेल्या पाहिजेत. गावातील घराची किल्ली रत्नम्माच्या हाती दिली आहे.

विरूपाक्षाने पत्रे उतरविले तर मी माझी बाज उचलून परत येईन. न उतरविले तर येणार नाही. मला ओढून नेण्याचा प्रयत्न कोणी करू नये. माझे हाड जुने आहे, मोडेल.

भिंत अंगावर आली तर मला उकरू नये. आम्ही वीरशैव, आमच्यात माणूस मातीतच ठेवतात. इष्टलिंग माझ्या गळ्यात आहे. जंगमाने वरच्या मातीवर पाऊल ठेवून विधी पुरा करावा. समाधी बांधू नये, तीही कलेल. तीन दिवस उकरून काय हाती येते ते मी एकदा पाहिले आहे. त्या वर्षी तिथे शाळू पेरावा.

हे माझे शेवटचे म्हणणे आहे. यापूर्वी मी दुसरे काही लिहून ठेवलेले नाही.

(सही) गुरुबसप्पा शिवलिंगप्पा हलबर्गे

साक्षीदार: वरील मजकूर लिहून देणाऱ्याने आम्हा दोघांस वाचून दाखविला व आमच्या समक्ष सही केली. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीवर होते. आम्ही दोघांनी त्यांना हाताला धरून उठविण्याचा प्रयत्न केला. ते उठले नाहीत.

१. (सही) आप्पासाहेब देशमुख. बाजारातील शब्द मागे घेतला.
२. सटवाजी, डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण: मौजे बोरथडी, वरच्या थडीवरील घर, आतली खोली.
दिनांक: ४ जून १९८३, शनिवार.