सिबीने घेतलेलं नाव

प्रिय विनी,

ईस्टरपासून तुझी एक ओळ नाही. तू कुणाशी बोलत नाहीस, नुसती खिडकीशी बसून असतेस, असं जावईबापूंनी कळवलं. बोल म्हणून मी मागे लागणार नाही. तू फक्त वाच.

इकडे बटाटे काढून झाले. सुया-फितीवाला पाठीवर पेटी घेऊन येऊन गेला आणि दरवर्षीसारखी लोणकढी थाप मारून मला नको असलेली फीत विकून गेला. आणि काल सिबी आली. आठवते ना, दारोदार मागत फिरणारी? पार वाकलीय, पण जिभेची धार तशीच. झोळीत बटाटे पडले की चुलीपुढे गुडघे टेकून त्या घरच्या मेलेल्यांसाठी नावानिशी प्रार्थना करायची, ही तिची परतफेड. साऱ्या परगण्याची गेलेली माणसं त्या फाटक्या शालीखाली कशी मावतात, याचं मला अजून नवल वाटतं.

तिच्या तोंडी एक कोलमन असायचा. लहानपणी तू विचारायचीस, कोण गं हा? मी म्हणायची, होता आपलाच एक. विनी, तो तुझा थोरला भाऊ. बाप्तिस्म्याआधीच गेला. अशा मुलाला दफनभूमीत जागा नाही, त्याचं नाव काढायचं नाही, चारचौघांत रडायचंही नाही. तुझ्या बाबांनी खोकं काखेत धरून नेलं, समुद्राकाठच्या काटेरी झुडपांत त्याला पुरलं आणि घरी येऊन गाईची धार काढली.

त्याच वर्षी बटाटे निघाल्यावर सिबी आली. आजोबा, आजी, बुडालेला काका, सगळ्यांची नावं घेऊन ती थांबली. "आणि तान्ह्याचं नाव काय ठरवलं होतंत?"

बाबा म्हणाले, "तसल्यांना नाव नसतं, म्हातारे."

"नसायला तो काय बांधावरचा धोंडा होता, फेस्टी? तुझे बटाटे फुकट खाऊ होय मी?"

माझ्या तोंडून 'कोलमन' निघून गेलं. काकाच्या नावामागोमाग तिने ते घेतलं, तितक्याच मोठ्याने. बाबांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली. आमच्या त्या धुरकट घरात साक्षात देव येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं मला.

कालही तिने सगळ्यांची नावं घेतली, कोलमनचंही. मग मी तिला सांगितलं, की विनी, तुझी लेकही तशीच, बाप्तिस्म्याआधी गेली. तिने भरलेली झोळी परत माझ्या टोपलीत रिकामी केली. "विनीच्या पोरीचं नाव येऊ दे, मग घेईन," म्हणाली आणि चुलीपाशी बसून राहिली. कुणाच्या घरी दुसरी रात्र न काढणारी बाई ती! बॉस्टनहून पत्र यायला किती दिवस लागतात ते मी सांगून पाहिलं. "बसते की," म्हणाली. पोरी, बाकी काही लिहू नकोस. तुझ्या लेकीचं नाव तेवढं लिही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई